बारा नंबरचं कार्ड

रोहन, ईशा,

गेल्या रविवारी आपला व्हिडिओ कॉल चालू असताना माझ्या खांद्यामागून एक मिशाळ चेहरा डोकावला, रोहनच्या खांद्यापर्यंत वाढलेल्या केसांकडे पाहून "अरे देवा महाराजा!" असं ओरडला आणि मटकन खुर्चीत बसला. तुम्ही हसलात आणि विचारलंत, "आजी, हा माणूस कोण?" मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. ते बरोबर झालं नाही. त्या माणसासमोर "नंतर" म्हणायची सोय नाही, तोंड फिरवून दोन तास बोलले नाहीत माझ्याशी. म्हणून आजच लिहायला बसले. हळूहळू वाचा, अडलं तर आईला विचारा.

ते नाना पवार. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. बायको वारली, मुलगी नागपूरला. मूळ गाव देवगडकडे, फौजेतून निवृत्त. वय सत्तरीच्या पुढे, पाठ मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ.

नाना माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, डोक्याकडे बघतात. लिफ्टमध्ये तुम्ही शिरलात की पहिल्या मजल्यापर्यंत तुमची डावी बाजू तपासतात, दुसऱ्यापर्यंत उजवी, आणि तिसऱ्याला निकाल देतात. "कानाक टेकले. माणूस संपलो." तुमचे आजोबा त्यांना चुकवायला गुडघे दुखत असतानाही जिन्याने जायचे. एकदा सोसायटीच्या सभेत आमचे अध्यक्ष गद्रे गच्चीच्या गळतीवर बोलत होते. नाना उठून म्हणाले, "गद्रेसाहेब, गळती होईल बंद. तुमच्या मानेवर जे झुडूप उगवलंय त्याचं काय?" गद्र्यांचा हात मानेवर गेला तो सभा संपेपर्यंत खाली आला नाही.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे "उद्या" हा शब्द. प्लंबर "उद्या येतो" म्हणाला तर नाना त्याची हत्यारांची पिशवी काढून घेत आणि मांडीवर घेऊन बसत. "उद्या नको. आत्ता." इस्त्रीवाला, केबलवाला, कोणालाही सुटका नाही.

हे सगळं आम्ही मिलिटरीची शिस्त म्हणून सोडून द्यायचो. बिल्डिंगभर त्यांना "मेजर" म्हणत.

गेल्या जानेवारीत एका सकाळी सातला त्यांनी माझी बेल वाजवली.

"वयनी, तुमचं अक्षर बरं. पत्रं लिहायची आहेत."

तीस वर्षांपूर्वी नानांची तुकडी आफ्रिकेत शांतिसेनेत गेली होती. एका तळावर वर्षभर जे एकत्र राहिले, त्यांना एक दिवस आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये जेवायला बोलवायचं होतं. मी चौतीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते. माझ्या हातात यादी दिली की मला साखर दिल्यासारखं होतं. मी लगेच जुनी कोरी कॅटलॉग कार्डं काढली. एका माणसाला एक कार्ड.

"शिंदे. साताऱ्याचे. हुद्दा काय?"

"शिंद्याक डोक्यात डबल भोवरो."

"हुद्दा विचारतेय मी."

"हुद्दा टोपीवर असता, वयनी. टोपी काढली की सगळे सारखे. लिवा, डबल भोवरो."

जाधवांच्या कार्डावर त्यांनी "उजव्या कानामागे चामखीळ, जपून" असं लिहायला लावलं. साळुंख्यांचा कोंडा, भोसल्यांचं अकाली पिकणं. मी थक्क झाले, पण लिहिलं. माझ्या आयुष्यात इतकं चमत्कारिक वर्गीकरण मी केलेलं नाही.

बारावं कार्ड आलं तेव्हा नाना थांबले.

"दत्ता मोहिते," ते म्हणाले. "तो नाय येणार. तिकडेच गेला. गाडी सुरुंगावर गेली."

"मग कार्ड कशाला, नाना?"

"त्याच्या घरचं कोणीतरी यायलाच पाहिजे. बाकी अकरा नाय आले तरी चालतील. त्याचं एक काम माझ्याकडे राहिलंय."

कसलं काम, ते सांगेनात.

अकरा जण महिन्याभरात सापडले. एकाचा नंबर दुसऱ्याकडे होता, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे. मोहित्यांच्या गावी मात्र मी तीन पत्रं टाकली. तिसऱ्यानंतर तिथल्या सरपंचबाईंचा फोन आला. "अहो, दत्ताची बायको वारली मागेच. मुलगा आहे, सागर. तो तुमच्या मुंबईतच नाही का? कांजूरमार्गला."

कांजूरमार्ग! इथून तीन स्टेशनं. नाना खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. "म्हणजे तो रोज माझ्या अंगणातनं जाता येता," एवढंच म्हणाले.

मी लगेच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सागर नम्र होता, पण ठाम.

"आजी, बाबा गेले तेव्हा मी महिन्याचाही नव्हतो. मला काही आठवत नाही. मी तिथे येऊन काय करू? सगळे रडणार, मला शाल देणार. अशा चार शाली पडल्यात घरात."

मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी म्हटलं, "बरं, विचार कर बाळ. मी उद्या परत..."

नानांनी फोन माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला. "उद्या नको! आत्ता सांग." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. इतक्या वर्षांत मी त्यांना विनवणी करताना ऐकलं नव्हतं. "शाल नाय, बाळा. भाषण नाय. वीस मिनिटं खुर्चीत बसायचं फक्त."

 मग "बघतो" म्हणून सागरने फोन ठेवला.

मार्चमधला तो रविवार उजाडला. सोसायटीने नानांना न विचारता हॉलच्या दारावर फलक लावला होता. झेंडूच्या माळा, आणि मोठ्या अक्षरांत "मेजर नाना पवार यांच्या शूर साथीदारांचे स्वागत". मजकूर माझाच. शुद्धलेखनाची जबाबदारी मी कोणावर सोपवत नाही.

अकरा म्हातारे आले. काठ्या, कानातली यंत्रं, चाकांची एक खुर्ची. साताऱ्याचे शिंदे फलकापुढे उभे राहिले, चष्मा पुसला, परत वाचलं.

"कोण मेजर?"

"हे काय, आमचे नाना," गद्रे अभिमानाने म्हणाले.

शिंद्यांनी नानांकडे बघितलं आणि असे हसले की त्यांना धरावं लागलं. "नान्या! लेका, तू मेजर कधी झालास? अहो, हा आमचा न्हावी!"

 गद्र्यांचा हात पुन्हा मानेवर गेला.  अठरा वर्षं! अठरा वर्षं हा माणूस आमच्या झेंडावंदनाला पहिल्या रांगेत उभा राहत होता.

"नाना, हे काय?" मी विचारलं.

"वर्दी होती, वयनी. बंदूकपण चालवलीय. पण काम कात्रीचं," नाना शांतपणे म्हणाले. "मेजर तुम्ही म्हणालात. मी एकदा तरी म्हटलं काय?"

मी मनातल्या मनात सगळी वर्षं उलटून पाहिली. नव्हतं म्हटलं. पहिल्या दिवशी जिन्यात मीच विचारलं होतं, "आपण मिलिटरीत होतात वाटतं, मेजर का?" आणि ते म्हणाले होते, "पाणी किती वाजता येता?" ग्रंथपाल असून मी खात्री न करता नोंद केली होती.

शिंदे हसायचे थांबले. "पण एक सांगतो बाई. तिकडे आमच्यातलं कोणी रात्री झोपेत ओरडायला लागलं ना, तर सकाळी डॉक्टरआधी यालाच कळायचं. डोक्यावर हात ठेवला की कळायचं याला."

जेवण झालं. नानांनी घरातून एक खाकी पिशवी आणली. कात्री, वस्तरा, लाकडी चौकटीचा हातआरसा आणि धुऊन पांढरंशुभ्र केलेलं कापड. हॉलच्या बाहेर, सावलीत, एक प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि हाक मारली, "डबल भोवरो!" शिंदे टेचात जाऊन बसले. मग एकेक जण. कोणाच्या डोक्यावर फारसं काही उरलं नव्हतं, पण तक्रारी तरुणासारख्या. "नान्या, भांग मोडू नको." "तुला भांग आहे कुठे, येड्या? रस्ता आहे तो, नुसता रस्ता!"

अकरा झाले. नाना कापड झटकून गेटकडे बघत उभे राहिले. चार वाजले. चहा झाला. शिंदे हळूच म्हणाले, "आवर आता, नाना." नाना हलले नाहीत.

साडेचारला एक मोटरसायकल आत आली. चालवणाऱ्याने हेल्मेट काढलं, आणि मी तोंडावर हात ठेवला. डोकं पार तुळतुळीत. मागे कानाच्या रेषेत काय ती थोडी झालर.

नाना बघतच राहिले. "ह्या काय रे?"

"पंचविशीतच गेले, काका," सागर ओशाळून म्हणाला. "वीस मिनिटं म्हणाला होतात."

"बस."

त्यांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. मग कात्री चालू झाली, हवेतच जास्त. कापता कापता, त्याच्याकडे न बघता, ते बोलले.

"तू झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी तुझा बाप संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, नाना, पोराला माझा फोटो पाठवायचाय, केस जरा नीट कर. अंधार पडलेला. मी सामान आवरलेलं. दमलेलो. मी म्हटलं, उद्या ये." कात्री थांबली. "पहाटे त्यांची गाडी गेली. फोटो राहिला. माझ्यामुळे राहिला."

 मला आमचा प्लंबर आठवला, मांडीवरची पिशवी आठवली, आणि इतक्या वर्षांचं माझं हसणं मला लागलं.

सागर समोर बघत होता. म्हणाला, "माझ्यासाठी काढायचा होता फोटो?"

"तुझ्यासाठीच. दिवसभर नाचत होता तो."

सागरने मान थोडी पुढे वाकवली. "काका, मागे जरा अजून बारीक करा."

पूर्ण वीस मिनिटं लागली. मग नानांनी आरसा मागे धरून त्याला मान दाखवली, डावीकडून, उजवीकडून, अगदी रीतसर. सागर म्हणाला, "झकास." आणि खिशातून मोबाईल काढून शिंद्यांकडे दिला. फोटोत सागर खुर्चीत आहे, गळ्यात पांढरं कापड, आणि मागे नाना. या एकाच फोटोत नाना डोक्याकडे नाही, वाकून सागरच्या चेहऱ्याकडे बघताहेत.

फलक मी त्याच संध्याकाळी उतरवला. आम्ही मात्र अजून चुकून "मेजर" म्हणतो, आणि नाना अजून पाण्याची वेळ विचारतात. त्या अकरांपैकी दोघं पावसाळ्यात गेले. त्यांची कार्डं मी काढलेली नाहीत. सागर महिन्याच्या पहिल्या रविवारी कांजूरमार्गहून येतो. कापण्यासारखं काही नसतं, तरी येतो, आणि बारा नंबरच्या कार्डावर आता त्याचा पत्ता आहे.

खाकी पिशवी आहे. कात्रीला धार आहे. आणि रोहन, खुर्ची सावलीतच ठेवलेली असते.