खोक्यांची भाषावार रचना

घर कसं हलवावं, ते माझ्याकडून शिका. लोक खोक्यांवर 'स्वयंपाकघर', 'बेडरूम' असलं काहीतरी लिहितात. मी भाषा लिहिल्या! शब्द ज्या भाषेतून आला, वस्तू त्या भाषेच्या खोक्यात. चादरी, रुमाल फारसीत. परात, इस्त्री, बटाटे पोर्तुगीजमध्ये. बटाट्याबद्दल तर मला फार आदर आहे. केवढे समुद्र ओलांडून आला आणि असा घरचा झाला, की आता त्याला कुणी गाव विचारत नाही. हे वेड आईचं. ती भाषेची शिक्षिका. जेवताना ताटातल्या एकेका पदार्थाचं कूळ सांगायची.

बायको म्हणाली, "काय हवा तो गोंधळ घाला, पण आईंचे थेंब हाताशी ठेवा. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. एकच्या ठोक्याला घालायचेत."

"औषधांच्या छोट्या कपाटात ठेवतो, कुलूप लावून," मी म्हणालो.

नव्या घरी पावणेएक वाजला आणि चावी सापडेना.

"चावी कुठली?" बायकोने विचारलं.

"पोर्तुगीज," मी ऐटीत सांगितलं. पण ते खोकंच आलं नव्हतं! हमालांच्या मुकादमाला फोन लावला.

"ते परदेशी खोकं ना? फुटायला नको म्हणून मी मांडीवर घेतलं होतं. ट्रकच्या केबिनमध्येच राहिलं बघा. कोपऱ्यावरच आहे, आणतो."

त्याने ते तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांवर आणलं. मी उघडलं. त्याने आधी बटाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तासभर पाय हलवला नाही मी," तो म्हणाला.

तळाशी चावी मिळाली. एकला दोन मिनिटं कमी. कपाट उघडलं, तर रिकामं.

"ठेवले होते ना?" बायकोचा आवाज चढला. मी कपाटाचा कोपरान् कोपरा चाचपला. आईच्या डोळ्यांशी खेळ झाला होता.

आई काळा चष्मा लावून, एका खोक्यावर पाय टेकून निवांत बसली होती. म्हणाली, "औषध हा शब्द कुठला रे?"

"संस्कृत," मी म्हणालो आणि सगळं आठवलं. नियमाला अपवाद नको, म्हणून निघता निघता मी थेंब काढून योग्य भाषेत ठेवले होते. वर त्या रिकाम्या कपाटाला शिस्तीत कुलूपही लावलं होतं.

"संस्कृतचं खोकं कुठंय?" बायको ओरडली.

आईने पाय उचलले.

थेंब वेळेवर पडले. अशी आई मिळायला भाग्य लागतं. तिने डोळे मिटूनच माझा हात थोपटला.

"शब्द पक्के आहेत हो तुझे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी खोकी मात्र सूनबाई भरेल."