साळूबाईनं पॅक केलं नाही त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, बीळ एकीनं खणायचं आणि राहायचं दुसऱ्यानं, अशी पद्धत होती. हसू नका. तुमच्याकडं काय वेगळं आहे?

तर त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर होती. फणसाखाली तिनं नखं झिजवून बीळ खणलं. आत दोन खोल्या, मागं पळायला वाट. पाहून कुणालाही हेवा वाटावा. वाटलाच.

"बिळाचं वाटप पत्त्यांवर होईल," जंगलाच्या कमिटीनं सांगितलं. "कायदा सगळ्यांना सारखा."

खेळ होता तीन पत्तीचा. हात आवडला तर चिंचोके लावून खेळायचं. नाही आवडला तर पत्ते टाकायचे, त्याला म्हणायचं पॅक. दिवस मावळताना ज्याच्यापुढं चिंचोक्यांचा मोठा ढीग, त्याचं बीळ. आणि एक जुना रिवाज होता. पॅक करणाऱ्यानं ओढ्यावर जाऊन सगळ्यांसाठी पाणी आणायचं. नुसतं बसून काय करणार तो?

साळूबाईला पत्त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून ती कोल्हेसरांच्या क्लासला गेली. फी म्हणून तिनं सरांचं बीळ दुरुस्त करून दिलं. सरांनी तिला पळसाच्या पानावर नियम लिहून दिले. जोडी आली तर खेळ. एक्का आला तर विचार कर. बाकी सगळं पॅक.

"दम धर, साळू," सर म्हणाले. "दम धरणाराच जिंकतो."

खेळायला तिघं बसले. साळूबाई, आप्पा रानडुक्कर आणि स्वतः कोल्हेसर.

पहिला हात आला. दुर्री, सत्ती, नव्वी. साळूबाईनं पळसाचं पान बघितलं, पॅक केलं, हंडा उचलला आणि ओढ्याला गेली. दुसरा हात आला. तिर्री, छक्की, दश्शी. पुन्हा हंडा. तिसऱ्यालाही हंडा. प्रत्येक डावाला बसायचा एक चिंचोका जात होता तो वेगळाच.

आप्पा पत्ते बघतही नव्हते.

"आप्पा, बघा तरी काय आलंय," साळूबाई म्हणाली.

"बघून बदलणार आहेत का?" आप्पा म्हणाले आणि मूठभर चिंचोके ढकलून दिले.

एकदा तर सर तिर्री-चौकीवर खेळले आणि जिंकले.

"सर, पानावर तर हे नाही."

"पान विद्यार्थ्यांसाठी असतं, साळू. पाणी आण."

उन्हं कलली. साळूबाईच्या हाताला हंड्याचे वळ उठले. आणि मग आल्या तीन राण्या.

आता साळिंदराचं एक असतं, बाळांनो. मनात काही उसळलं की काटे उभे राहतात. ते झाकता येत नाहीत. साळूबाईचा एकेक काटा ताठ झाला. आप्पांनी काटे बघितले, पॅक. सरांनी बघितले, पॅक. तीन राण्यांवर तिला मिळाले ते फक्त बसायचे चिंचोके.

"या डावाला पॅक तुम्ही केलंय," ती म्हणाली. "पाणी?"

"तूच जा की," सर म्हणाले. "तुला वाट माहितीये."

ती गेली. का गेली विचारू नका. सवय वाईट असते.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा शेवटचा डाव आला. आप्पांनी न बघता अर्धा ढीग ढकलला. सरांना राजांची जोडी आली. त्यांनीही अर्धा ढीग ढकलला. साळूबाईपुढं उरले होते जेमतेम ओंजळभर. तिनं पत्ते उचलले. दुर्री, पंजी, अठ्ठी. तीन वेगळ्या रंगांची.

तिनं पळसाचं पान बघितलं. पॅक. तिचा हात आपोआप हंड्याकडं गेला.

"जातेच आहेस तर ऐक," सर पत्त्यांतून डोकं वर न काढता म्हणाले. "फणसाखालच्या बिळात मी क्लासची दुसरी शाखा काढतोय. उद्या येऊन दार जरा रुंद करून दे. पोरांच्या शेपट्या अडकतील."

साळूबाई थांबली. तिनं हंडा खाली ठेवला.

काटे उभे राहिले. मानेपासून शेपटीपर्यंत, सळसळ आवाज करत. राण्या आल्या होत्या तेव्हासुद्धा इतके उभे राहिले नव्हते. ती परत बसली आणि पुढ्यातले सगळे चिंचोके तिनं मधे लोटले.

"मेलो," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पत्ते फेकले.

सरांनी राजांकडं बघितलं. काट्यांकडं बघितलं. "तीन एक्के असणार," ते पुटपुटले. "मीच शिकवलंय तिला. उगाच नाही खेळायची." आणि पॅक केलं.

सूर्य बुडाला. मधला सगळा ढीग साळूबाईपुढं, तोच सगळ्यांत मोठा.

तिनं आपले पत्ते उलटून दाखवले. आप्पा हसता हसता चिखलात लोळले. सरांनी पळसाचं पान ओढून घेतलं.

"हे पानावर नाहीये," ते म्हणाले.

"नाहीये," साळूबाई म्हणाली. "पॅक तुम्ही केलंत, सर. हंडा तिथं ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी सरांनी पानावर एक नियम वाढवला. दुर्री-पंजी-अठ्ठी आली तर सगळं लावा. क्लासला आता गर्दी मावत नाही.

तात्पर्य: चांगला हात येईपर्यंत दम धरावा. दम धरणारे आहेत म्हणूनच तर बाकीच्यांना बसल्या जागी पाणी मिळतं.