मोकलसाहेबांची आडवी रेघ

मोकलसाहेबांनी काही विचारलं की मी आधी नवऱ्याला हाक मारते. कारण साहेब तेच त्यांनाही विचारणार, हे ठरलेलं.

आमची कडावला दुधाची डेअरी. साहेब निवृत्त होऊन गावी आले तेव्हा पहिल्याच दिवशी काउंटरवर म्हणाले, "वहिनी, पनीर आजचं?" मी म्हटलं, "आजचंच." तर हा माणूस वळसा घालून मागच्या दारी! तिथं आमचे हे कॅन धूत बसलेले. त्यांनाही तेच विचारलं. हे म्हणजे भोळा सांब. म्हणाले, "कालचं हाय, पन चांगलं हाय." साहेब पुन्हा पुढे आले, "फरक आला" म्हणाले आणि पनीर न घेता गेले. त्यानंतर आमच्यात जे भांडण जुंपलं, ते नाक्यापर्यंत ऐकू गेलं.

"एवढा संशय बरा नाय, साहेब," दुसऱ्या दिवशी मी सुनावलंच.

"संशय नव्हे हो, आडवी रेघ."

साहेबांची नोकरी होती दक्षिण ध्रुवाकडे. विमानाला यंत्रं बांधून बर्फावरून उडायचं. बर्फ किती जाड, त्याखाली खडक कसा, ते वरूनच मोजायचं. शेतात नांगराचे तास घालावेत तशा उभ्या रेघा मारायच्या, मग आडव्या. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं दोन्हींचं माप जुळलं, तरच खरं. ही खोड साहेबांनी घरी आणली. त्यांची बायको कशी नांदली, देव जाणे. ती बिचारी आता नाही.

एकुलती लेक मेघा आहे, तीही त्याच बर्फावर, तशाच विमानात. विमान तळावर टेकलं की ती बापाला एकच शब्द पाठवते, "उतरले." साहेबांच्या घरात रेंज नाही, म्हणून ते आमच्या काउंटरपाशी उभे असतात. दुपारच्या जेवणाआधी शब्द येतो, साहेब दूध घेतात, जातात.

या जानेवारीत एक दिवस तो शब्द आलाच नाही.

दुपार टळली. साहेब जागचे हलेनात. चहा दिला, त्यावर साय धरली. "जेवलात का?" म्हटलं, तर "हो." सकाळपासून इथं उभा असलेला माणूस जेवला कधी? पण त्यांचं तोंड बघून माझी जीभ उचलेना.

"येल हो निरोप," हे म्हणाले.

"इंधन संपलं असेल आता," साहेब म्हणाले. एवढंच.

उन्हं उतरली आणि साहेबांचा फोन वाजला. मेघाच्या ऑफिसातला माणूस. तळावर ढग उतरले म्हणून विमान दुसऱ्याच तळावर उतरवलंय, सगळे सुखरूप आहेत, तिथून तसा निरोप आलाय. मी देवाला हात जोडले.

साहेबांनी काउंटर घट्ट धरला होता. "एक रेघ झाली," म्हणाले.

"अवो, आता तरी बसा की!" मी कावलेच. "हापिसातला मानूस काय खोटं बोलंल?"

"एकच रेघ आहे, वहिनी."

मग पुन्हा फोन वाजला, कसलातरी लांबलचक नंबर. साहेबांनी घाबरून स्पीकरच लावला.

"बाबा, उतरले."

साहेब म्हणाले, "बरं. हवा कशी आहे?" इतका राग आला मला! अहो, लेक जिवंत आहे, काहीतरी बोला!

"ठीक आहे. जेवलात?"

"केव्हाच."

मेघा लगेच म्हणाली, "काकूंना द्या फोन." मी फोन घेतला. "काकू, बाबा जेवले?"

साहेब माझ्याकडे बघत होकाराची मान हलवत होते, पनीर विकताना मीही हलवली नसेल अशी.

"नाय गं पोरी. सकाळपासनं उपाशी उभे हायत."

"फरक आला," मेघा म्हणाली. हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

तेव्हा कुठे साहेब मटकन खोक्यावर बसले. मी भाकरी आणि वालाची उसळ पुढ्यात ठेवली. घास हातात धरून ते ढसाढसा रडले, पण जेवू लागले.

"काकू, जेवतायत?"

"जेवतायत गं."

"मग आता काकांना द्या."

मी फोन मागच्या दारी, यांच्याकडे नेला.