कौसाआत्याचा गुडघा

आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत. आलेला माणूस चौकटीबाहेर उभा राहून खाकरतो. शेजारच्या कौसाआत्याला तेही करावं लागत नसे. तिचा उजवा गुडघा कटकट वाजायचा, आणि माझी बायको चहाचं आधण वाढवायची.

त्या गुडघ्याचा एक्स-रे आत्याने चौकटीच्या पडद्यालाच टाचून ठेवला होता. मागून ऊन आलं की हाडं झकास दिसायची. दर्शनाला आलेला कुणी पाणी मागायला थांबला, तरी त्याची सुटका नसे.

"ही दोन हाडं. मधी गुळगुळीत गादी असती. ती आदी मऊ पडती, मग चिरती, मग तिचं बारीक तुकडं सांद्यात फिरत्यात. गादीला रगत पोचत न्हाई, म्हनून ती भरून येत न्हाई. गादी गेली, आता नुसतं लाकूड ऱ्हायलं."

इतकी जाणकार बाई, पण ऑपरेशनचं नाव काढलं की अडाणी व्हायची. कधी कांदा काढायचा असायचा, कधी डॉक्टर फारच पोरगेला वाटायचा. एक दिवस तिला हातावर रांगत उंबरा ओलांडताना पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. हट्टीपणा पुरे झाला, असं तोंडावर सुनावलं.

आत्याने पडद्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. आत खाटेवर तिचे यजमान, नाना, होते. साखरेच्या आजारात त्यांची नजर गेली, त्याला तीन वर्षं झाली.

"गुडघा वाजला की यान्ला कळतं, मी घरात हाय. त्यो गप झाला तर दिवसभर हाका मारीत बसतील."

पण दार नसलेल्या घरात कुजबुज तरी कुठे लपते? आतून नानांचा आवाज आला.

"भाऊ, नगरला गेलास की हिला पैंजन आन. घुंगरं दाट बघ."

आत्या माझ्यावरच डाफरली, पण पदर तोंडाला लावून.

ऑपरेशन झालं. आत्या दवाखान्यात होती तेवढे दिवस नाना आमच्याकडे राहिले. आता ती सत्तरीची बाई गल्लीतून छुमछुम करत फिरते आणि पोरं हसतात. हसू देत.

परवा वाटी मागायला गेलो. आत्या भिंतीला टेकून मेथी निवडत होती, नाना खाटेवर पडले होते. कुणी बोलत नव्हतं. बसल्या जागी आत्या मधूनमधून पाय हलवत होती.