केरोबाची बिनकिडीची वांगी

एका जंगलात एका वर्षी परसबागेची साथ आली. साथ कशी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे, मुलांनो. एकाला शिंक आली की सगळ्यांना येते. आधी दामोदरपंत अस्वलांनी गुहेपुढे वाफे केले. मग सशाने केले, मग भेकराने. पंधरवड्यात अशी पाळी आली की ज्याच्या दारात वाफा नाही, त्याच्याशी कुणी धड बोलेना.

केरोबा साळिंदराला या साथीची गरज नव्हती. त्याच्या बिळापुढे त्याची बायको द्वारका वर्षानुवर्षं वांगी आणि वाल लावायची. बी घरचं, राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं. खणायला दोघांची नखं. वाफ्याच्या कडेला एक फुटका डेरा पालथा पडलेला होता, त्याखाली चिमाजी नावाचा म्हातारा बेडूक राहायचा. तो दिवसभर झोपायचा. तिन्हीसांजेला बाहेर येऊन अळी, गोगलगाय, जे दिसेल ते खायचा, द्वारकेशी चार शब्द बोलायचा आणि पुन्हा आत जायचा.

वांगी अशी चकचकीत यायची की त्यात तोंड दिसावं.

तर साथ आल्यावर केरोबालाही जांभळाखालच्या बैठकीचं बोलावणं आलं. जंगलातली सगळी बागवान मंडळी तिथे रोज जमत. त्या दिवशी सशाने आपल्या दुधीवरचे तुडतुडे इतके रंगवून सांगितले की ऐकणारे पुढे सरकून बसले. भेकराने पांढऱ्या माशीवर काय काय मारून पाहिलं ते सांगितलं. दामोदरपंतांकडे तर पिठ्या ढेकूण होता. ते त्याचं नाव सावकाश घेत, घरातल्या मोठ्या माणसाचं घ्यावं तसं.

मग ते केरोबाकडे वळले. "तुमच्याकडे काय पडलंय?"

"वांगी धरलीत चांगली," केरोबा म्हणाला.

"ते नव्हे. कीड कोणती?"

"कीड नाही."

भेकराने घसा खाकरला. शेवटी दामोदरपंतच म्हणाले, "असू द्या. येईल हळूहळू." एखाद्याच्या मुलाचं लग्न जमत नसलं की लोक ज्या सुरात बोलतात, तो सूर होता.

केरोबा घरी आला तो जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो नरहर उदमांजराच्या दुकानात गेला. नरहरकडे बी-बियाणं, अवजारं आणि औषधं मिळत. त्याने केरोबाला खुरपं दिलं, दाताळं दिलं, लांब तोंडाची झारी दिली. छाटणीची कात्री दिली. पाठीवर अडकवायचा फवारणीचा पंप दिला, पण साळिंदराच्या पाठीवर तो बसेना, म्हणून पोटाला बांधला. घरचं बी वापरता हे ऐकून नरहर हळहळला. त्याच्याजवळच्या पाकिटावर वांग्याचं रंगीत चित्र होतं. घरच्या बियाला चित्र कुठे असतं, असं त्याने विचारलं, आणि केरोबाला ते पटलं.

द्वारकेने सामान पाहिलं. "अहो, नखं आहेत की आपल्याला," एवढंच ती म्हणाली.

चित्रातल्या वांग्याचं बी पेरलं. तेही तरारून आलं. पण कीड काही येईना. केरोबा रोज भिंग घेऊन पानन् पान पालथं करी. पंप कोपऱ्यात पडून होता. बैठकीत तो आता मागच्या रांगेत बसू लागला.

शेवटी त्याने नरहरला घरी आणलं. नरहरने वाफ्याला दोन फेऱ्या मारल्या. पंप असा पडून राहिला तर त्याचा वायसर सुकेल, अशी काळजी बोलून दाखवली. मग त्याची नजर डेऱ्याखाली झोपलेल्या चिमाजीवर गेली.

"हा कोण?"

केरोबाने सांगितलं.

"मग औषध घेईल कोण?" नरहर म्हणाला. "हा इथे असेपर्यंत तुमची बाग ही बाग नाही."

त्या संध्याकाळी केरोबा डेऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. चिमाजी बाहेर आला, त्याने नेहमीसारखी द्वारकेची चौकशी केली. केरोबाने इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सांगितलं की ही जागा आता सोडावी लागेल.

म्हाताऱ्याने डेऱ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "केरोबा, माझ्या हातून काही चुकलं का?"

"नाही, चिमाजीबाबा. तुमच्या हातून काहीच चुकत नाही, तीच तर अडचण आहे."

चिमाजी गेला. ओढ्यापलीकडे गोदाक्का नावाच्या घोरपडीने चार रोपं लावली होती, तिच्या दगडाखाली त्याला जागा मिळाली. द्वारका दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

आठव्या दिवशी केरोबा ओरडतच बिळात शिरला. एका कोवळ्या शेंड्यावर हिरवे ठिपके होते, आणि ते हलत होते. त्याने बैठक बोलावून आणली. दामोदरपंतांनी भिंगातून पाहिलं, खाली बसले, पुन्हा पाहिलं.

"केरोबा, अभिनंदन," ते म्हणाले. "मावा आहे."

मंडळींनी त्याच्याशी हात मिळवले. सशाच्या चेहऱ्यावर थोडी असूया दिसली, असं केरोबाला वाटलं.

आता पंपाला काम मिळालं. नरहरने माव्यावरचं औषध दिलं. त्याने मावा थोडा मेला, पण मावा खाणारे ढालकिडे आणि कोळी सगळे मेले. मग पांढरी माशी आली. तिच्यासाठी पिवळे चिकट सापळे लावले. मग अळी आली आणि फळात शिरली. तिच्यासाठी दुसरं औषध, आणि दुसऱ्याच्या वासाने डोकं दुखलं तर तिसरं. केरोबा पहाटेपासून पोटाला पंप बांधून फिरायचा. बैठकीत तो आता पहिल्या रांगेत होता. त्याचं बोलणं सुरू झालं की भेकर टिपणं काढी.

पावसाळा सरता सरता शेवटचं झाड वाळलं. ते घरच्या बियाचं होतं. केरोबाने त्याला हात लावला तर पानं गळून हातात आली. त्या दिवशी त्याला खरंच वाईट वाटलं, मुलांनो. तो तिथेच मातीत बसून राहिला. घरात खायला वांगी नव्हती, वाल नव्हता. द्वारका रोज डोंगराच्या पलीकडे कंद उकरायला जात होती. कधी ओढा ओलांडून गोदाक्काकडे जाई, दोन वांगी मागून आणी, आणि येताना चिमाजीशी बोलत बसे.

चिमाजीला परत बोलावण्याचा विचार त्या दिवशी केरोबाच्या मनात येऊन गेला. तो उठलासुद्धा होता. पण तेवढ्यात बैठकीची मंडळी समाचाराला आली. सगळ्यांचे चेहरे गंभीर होते. एकाच हंगामात इतक्या किडींशी झुंजलेला बागवान या जंगलात झाला नाही, असं दामोदरपंत म्हणाले. त्यांनी स्वतःहून बैठकीचं अध्यक्षपद सोडलं आणि केरोबाच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. केरोबा पुन्हा बसला.

तेव्हापासून तो गावोगावच्या, म्हणजे रानोरानच्या बागवानांना मार्गदर्शन करतो. त्याला ऐकायला लांबलांबून प्राणी येतात.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी द्वारकेने भीत भीत विचारलं, "अहो, यंदा काय लावायचं?"

"काही नाही," केरोबा पंपाला तेल देत म्हणाला. "झाडं मध्ये आली की फवारा नीट बसत नाही."

तात्पर्य : ज्याच्या बागेत कीड नाही, त्याला नुसती वांगी मिळतात, मान मिळत नाही. तेव्हा मुलांनो, तुमच्या दारात एखादा बेडूक असेल, तर त्याला वेळीच घालवा.