जळगावचा एकमेव हीटर

जळगावात राहून मोटारीचा हीटर दुरुस्त करावा असं ज्याला वाटतं, त्याची लग्नाआधी नीट चौकशी करायला हवी. मोहिनीबाईंच्या माहेरच्यांनी केली नव्हती.

देवचंदरावांच्या जुन्या गाडीत हीटरची जाळी गळत होती आणि इंजिनाचं हिरवं, कोमट पाणी शेजारी बसणाऱ्या मोहिनीबाईंच्या पायांवर ठिबकत होतं. हिवाळाभर त्या सांगत होत्या. "तुझी बाटली सांडली असेल," हे देवचंदरावांचं निदान. (मोहिनीबाईंनी बाटली नेणं कधीच सोडलं होतं.) शेवटी एकदा पाय पोळला, तेव्हा गाडी नासीरभाईच्या गॅरेजात गेली.

"भाऊ, आपल्याकडे हीटर लागतो कोणाला? दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून देतो, जाळी बाद. सगळे तेच करतात."

"माझ्या गाडीत सगळं कंपनीचं आहे," देवचंदराव म्हणाले, आणि नवी जाळी आणून त्यांनी घरीच डॅशबोर्ड उपसला. तो परत बसेपर्यंत उन्हाळा लागला. तीन स्क्रू उरले, ते त्यांनी जास्तीचे ठरवले.

मोहिनीबाईंना एकच हवं होतं: धुळ्यात, देवपूरला समीक्षाच्या साखरपुड्याला वेळेवर पोचायचं. भाची खरी, पण आई गेल्यावर त्यांनीच वाढवलेली. अंगठी घालताना मावशी शेजारी हवी, असं तिनं बजावून सांगितलं होतं.

"एसटीनं जाऊ," त्या म्हणाल्या.

"घरची गाडी असताना?"

जळगाव सुटलं आणि हीटर सुरू झाला. पाणी गळत नव्हतं, हे कबूल. पण बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत भट्टी. पंखा बंद केला तरी झळा येतच होत्या. गरम-गारचा खटका पार निळ्याकडे होता.

एरंडोलला मोहिनीबाई म्हणाल्या, "तो खटका लालकडे करून बघा. तार उलटी बसली असेल."

"लाल म्हणजे गरम. एवढं तर लहान पोरालाही कळतं."

"तुम्ही दुरुस्त केल्यापासून घरचा पंखा एकवर सुसाट फिरतो आणि पाचवर रडतो."

त्यांनी हात पुढे केला. देवचंदरावांनी तो बाजूला सारला. लग्नापासून ते हेच करत आले होते, आणि मोहिनीबाईंना त्याचा मनापासून वीट आला होता.

पारोळ्याला देवचंदरावांनी गाडी कडेला घेतली आणि डॅशबोर्डाखाली डोकं घातलं. डोकं बाहेर आलं तेव्हा शेजारची सीट रिकामी होती आणि धुळ्याची बस वळणावर दिसेनाशी होत होती.

ते देवपूरला पोचले तेव्हा अंगठी घालून झाली होती. फोटोत समीक्षाशेजारी मावशी होती, डोळे पुसत. मंडळी जेवत होती. घामानं निथळत, हाताला ग्रीस, असे देवचंदराव दारात उभे राहिले.

मुलाकडची एक म्हातारी दाराकडे बोट करून मोहिनीबाईंना म्हणाली, "हाऊ कोन शे वं?"

मोहिनीबाईंनी वर पाहिलं. "डायवर शे. पानी द्या त्याले."

संध्याकाळी परत निघताना त्या मागच्या सीटवर बसल्या. गाडी पुन्हा तापू लागली, तशा त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी खटका पार लालकडे ओढला. हळूहळू बाहेरची गार हवा आत येऊ लागली.

देवचंदराव काही बोलणार होते. पण ड्रायव्हरनं बोलायचं नसतं.