एका अर्जातले दोन नवरे

"तुझी बायको एकोणीस वर्षं परपुरुषाबरोबर राहते आहे," स्टेलिओस संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

बुयारच्या हातातला कॉफीचा पेला ओठांपाशीच थांबला. "कोणाबरोबर?"

"बाबिसबरोबर."

"अरे गाढवा, बाबिस मीच!"

"मला ठाऊक आहे रे. ह्या एआयला कोण सांगणार?"

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत, परदेशी नागरिकांच्या कचेरीसमोर, स्टेलिओसचं अर्ज भरून देण्याचं दुकान होतं. मागच्या महिन्यात त्याने एका अर्जात आईच्या जागी सासूचं नाव घातलं आणि अर्ज परत आला. तेव्हापासून प्रत्येक अर्ज तो आधी एआयला दाखवी. एआय अत्यंत विनयशील होतं. "क्षमस्व, एक छोटीशी विसंगती आढळली," असं म्हणत म्हणत त्याने बुयारच्या रहिवासी परवान्याच्या अर्जावर चौदा तांबड्या खुणा केल्या होत्या.

दोष एआयचा नव्हता. बुयार अल्बानियाहून आला, फरश्या बसवायचं पहिलं काम त्याला वूलाबाई नावाच्या ग्रीक बाईंकडे मिळालं आणि त्याच दिवशी त्याचा बाबिस झाला. त्या काळी सीमेपलीकडून आलेला प्रत्येक जण आठवड्याभरात एखादं ग्रीक नाव धारण करी. त्याशिवाय कुणी शिडी धरायलाही बोलावत नसे. त्यामुळे पासपोर्टात बुयार, घराच्या भाडेकरारात बाबिस, लग्नाच्या दाखल्यात बुयार आणि विजेच्या बिलावर पुन्हा बाबिस.

अकरा वाजता खिडकीवर हजर व्हायचं होतं. अर्ज घेतल्याची पावती मिळाली, तरच सीमा ओलांडून परत येता येणार होतं. आणि रविवारी तिकडे अल्बानियात, कोर्च्यात, त्याच्या मुलीचं लग्न होतं. आजची वेळ हुकली की पुढची तारीख थेट तीन महिन्यांनी.

"दोघं एकच आहेत असं लिहून देणारा साक्षीदार आण," स्टेलिओस म्हणाला.

बुयारने कोस्तास रंगाऱ्याला बोलावलं. तो ब्रश खिशात कोंबून धावत आला. एआय म्हणालं, "क्षमस्व. कोस्तास नावाची व्यक्ती आढळत नाही. हे ओळखपत्र कास्त्रिओत यांचं आहे."

"आता ह्यालाच साक्षीदार हवा," स्टेलिओसने कपाळाला हात लावला.

"माझा मेव्हणा आहे की, यानिस!" कोस्तास उत्साहाने म्हणाला.

"खरं नाव?"

"इल्बेर."

"बस खाली."

शेवटी बुयारने वूलाबाईंनाच फोन केला. निदान त्या तरी जन्माने ग्रीक. बाई टॅक्सी करून, काठी टेकत आल्या. "अहो, मीच ठेवलं ह्याचं नाव! आधीचा फरशीवाला बाबिस होता. तो गेला जर्मनीला. माझ्या वयात नवं नाव कोण पाठ करत बसणार?"

"तेव्हा तुम्ही पन्नाशीच्या होतात," बुयार पुटपुटला.

"गप्प बस, बाबिस."

बाईंनी सही ठोकली. एआयने पुन्हा क्षमा मागितली. ओळखपत्रावर वूला नव्हतं, पारास्केवी होतं.

"पारास्केवी मला फक्त पाद्रीबाबांनी म्हटलं," बाई कडाडल्या, "तेही एकदाच, बाप्तिस्म्याला पाण्यात बुचकळताना!"

अकराला पाच मिनिटं कमी होती. स्टेलिओसने घाईघाईत हाताला लागेल ते छापलं आणि चौघं रस्ता ओलांडून धावले. वूलाबाई सर्वांत पुढे. खिडकीतल्या कारकुनाने फाईल उघडली. वर अर्ज नव्हता. एआयने काढलेल्या विसंगतींची यादी होती. स्टेलिओसने डोळे मिटले.

कारकुनाने चौदाही मुद्दे सावकाश वाचले. "हे कोणी केलं?"

"चूक झाली, साहेब..."

"चूक कसली? अठरा वर्षं ह्या खिडकीत बसतोय. कोण कुठे कोणत्या नावाने आहे, हे आधीच लिहून आणणारे तुम्ही पहिले. एरवी हे शोधण्यात माझा आठवडा जातो. बाई, खाली सही करा. दोन्ही नावांनी. आणि बसा."

सगळे बाकावर बसले. थोड्या वेळाने खिडकीतून हाक आली. "बुयार! पावती!"

कोणी उठलं नाही.

"बुयार कोण आहे? नसेल तर बंद करतो खिडकी!"

बुयारने मागे वळून पाहिलं. कोण बिचारा असेल कुणास ठाऊक, एवढ्याशा निष्काळजीपणापायी हातची पावती घालवतोय, म्हणून त्याला हळहळ वाटली.

वूलाबाईंनी त्याच्या बरगडीत काठी खुपसली. "ऊठ रे बुयार! पोरीचं लग्न आहे ना?"

नवं नाव बाईंना पाठ झालं होतं. त्यालाच ते व्हायचं राहिलं होतं.